कुलूप तेच आहे का?

धाकटीचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि ग्रंथपालांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते म्हणावं, तर तसंही नाही. पत्र कुठे आहे असं त्यांना झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं, तरी त्यांनी सांगितलं असतं: शब्दकोशाचा तिसरा खंड, पान चारशे बारा. दर रविवारी ते पत्र बाहेर काढत, वाचत, ‘आज लिहायचंच’ असं ठरवत, आणि मग त्याआधी एखादं पुस्तक वाचून घ्यावं म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडत. एका पत्राचं उत्तर द्यायला माणसानं एकेचाळीस पुस्तकं वाचावीत, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण ज्याचा जन्म ग्रंथालयात गेला, त्याला एकेचाळीस हा आकडा थोडा कमीच वाटत होता.

पत्र आठ ओळींचं होतं. धाकटी म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण. शाळेत भूगोल शिकवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सहा वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून एका गटात राहायला गेली. हा गट स्वतःला ‘कुटुंब’ म्हणवत असे आणि त्याचा पहिला नियम असा, की खऱ्या कुटुंबाशी संबंध ठेवायचा नाही. गटाचा प्रमुख पूर्वी पंखे दुरुस्त करायचा, आता माणसं दुरुस्त करत होता. पत्रातल्या सात ओळी कुणी खांद्यावरून वाचत असताना लिहाव्यात तशा होत्या: मी मजेत आहे, हवा चांगली आहे, काळजी नसावी. आठवी ओळ तेवढी वेगळी होती. ‘दादा, आपल्या दाराचं कुलूप तेच आहे का?’

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराला आईवडिलांच्या वेळचं पितळी कुलूप होतं, दाराच्या फळीतच बसवलेलं. किल्ली नुसती फिरवून ते उघडत नसे. दाराला गुडघ्यानं जरा आत रेटायचं, हातानं वर उचलायचं आणि मग फिरवायचं. ही कसरत जगात चारच माणसांना अवगत होती. त्यातली दोन वारली, एक ग्रंथपाल आणि एक धाकटी. ग्रंथपालांच्या पत्नीला पस्तीस वर्षांत ती जमली नव्हती. ती बेल वाजवत असे.

पत्र आलं त्याच दिवशी पत्नी म्हणाली होती, “अहो, कुलूप तेच आहे असं कळवा आणि मोकळे व्हा.”

“इतकं सोपं नसतं ते,” ग्रंथपाल म्हणाले. “हा प्रश्न तिचा आहे, की त्यांनी तिच्याकडून लिहवून घेतलाय? त्यामागे काय मानसशास्त्र असेल? आपण एक लिहावं आणि तिकडे भलताच अर्थ लागावा. आधी विषय समजून घ्यायला हवा.”

“घ्या,” पत्नी म्हणाली. “तोवर तिचे केस पांढरे होतील.”

विषय समजून घेता घेता घरात पुस्तकांची चळत झाली. माणसं अशा गटांत का जातात, का राहतात, कशी बाहेर येतात. ग्रंथपाल वाचलेलं सगळं कार्डांवर टिपत. निवृत्त होताना त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं होतं, पण त्यांनी स्वतःहून मागून घेतली ती ग्रंथालयाच्या तालिकेची दोन हजार कोरी कार्डं. संगणक आल्यावर ती रद्दीतच जाणार होती. कार्ड तळहाताएवढं. त्यावर अख्खं पुस्तक पाच ओळींत बसवायचं, ही त्यांची हयातभराची विद्या. पुस्तकं बसत, पत्र मात्र बसत नव्हतं. पत्राचे चौदा मसुदे झाले होते आणि सहाव्याला तळटीपा होत्या.

आता या चळतीवर शेजाऱ्यांची नजर पडली नसती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तळमजल्यावरचे कवायतमास्तर एकदा पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करायला वर आले आणि पुस्तकांची नावं वाचून दारातच थबकले. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यात बातमी झाली, की ग्रंथपाल म्हातारपणी कसला तरी पंथ काढतायत.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सरळ विचारायलाच आल्या. या बाईंना कुठलीही शिवण उसवून आतून बघायची सवय होती. “खरं सांगा भाऊजी, काढताय का? वाईट वाटून घेणार नाही मी. नुसतं कुतूहल हो.”

ग्रंथपालांना घाम फुटला. आपण पंथ काढत नसून पंथांपासून सावध कसं राहावं हे वाचतोय, हे समजावताना त्यांनी धांदलीत एक कार्ड बाईंच्या हातात दिलं. ‘माणसाला गिळणारा गट ओळखण्याची अकरा लक्षणं’. एकाच माणसाचा शब्द अखेरचा. आपसात वेगळं अभिवादन. सारखा पोशाख. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणं. असं करत करत अकरा.

बाईंनी ते कार्ड उभ्या उभ्या तीनदा वाचलं. “अगंबाई! हे तर सगळ्यांना कळायला पाहिजे. माझी मावसबहीण वाचली असती.”

मागून कवायतमास्तर म्हणाले, “संस्था काढू.”

त्यांनी निवृत्तीनंतरची नऊ वर्षं कुणालाही ‘सावधान’ न म्हणता काढली होती. ती सगळी कोंडलेली सावधानं या एका वाक्यात बाहेर पडली.

“संस्था वगैरे कशाला,” ग्रंथपाल पुटपुटले. “मला यातलं नक्की काही माहीत नाही.”

पण कोपऱ्यावरचे औषधवाले तोवर खजिनदार झाले होते.

संस्थेचं नाव ठरलं डोळस मंडळ. घटना लिहायचं काम ग्रंथपालांकडे आलं, कारण लिहिण्याचं काम नाही म्हणायची त्यांना लाज वाटे. लोकांना स्वयंसेवक ओळखू यावेत म्हणून शिंपीणबाईंनी शिल्लक कापडाची मोरपंखी रंगाची बिनबाह्यांची जाकिटं शिवली. बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून अकरा लक्षणं एका सुरात म्हणायची, ही कल्पना मास्तरांची. पाठ राहतात म्हणे. भेटल्यावर एकानं म्हणायचं ‘विचारा!’ आणि दुसऱ्यानं म्हणायचं ‘विचारलंच पाहिजे!’ तीही त्यांचीच.

“पण हे असं रोज का म्हणायचं?” शिंपीणबाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

“प्रश्न शेवटी,” मास्तर म्हणाले.

बाईंनी पर्समधून अकरा लक्षणांचं कार्ड काढलं, पेन्सिलीनं एके ठिकाणी बारीकशी खूण केली आणि पुन्हा आत ठेवलं.

नोंदणी कार्यालयात सहाजण गेले ते जाकिटं घालूनच. खिडकीतल्या कारकुनानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “पंथ कोणता तुमचा?”

“पंथ नाही,” ग्रंथपाल कसेबसे म्हणाले. “पंथांविषयी माहिती देणारी संस्था.”

“म्हणजे प्रचार.”

“नाही, नाही. सावध करणारी.”

“म्हणजे दुसऱ्या पंथांविरुद्ध प्रचार. तो सगळेच पंथ करतात.” कारकून शांतपणे अर्जाची पानं उलटू लागला. “संस्थापक कोण?”

पाच बोटं एकदम ग्रंथपालांकडे वळली. त्यांना त्या क्षणी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात, पान चारशे बारावर, स्वतः जाऊन बसावंसं वाटलं.

“कार्यालय कुठे?”

“ह्यांचा पुढचा दिवाणखाना,” मास्तर म्हणाले. ग्रंथपालांना ही बातमी तिथेच कळली.

“दाराला पाटी हवी, कपाट हवं आणि सुरक्षित कुलूप हवं. दप्तर असतं ना संस्थेचं. मी येईन तपासायला. सोमवारी.” मग कारकून खिडकीतून जरा पुढे झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “खरं सांगा, कसला आहे हो पंथ?”

सोमवारच्या आधी शनिवार होता आणि शनिवारी संध्याकाळी पहिलं जाहीर व्याख्यान. शाळेचा एक वर्ग मिळाला होता. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सत्तावीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. ग्रंथपालांनी साठ कार्डं क्रमवार लावून आणली होती. व्यासपीठावर चढताना ती हातातून निसटली आणि जमिनीवर पसरली. मास्तरांनी तत्परतेनं गोळा करून दिली. साठच्या साठ, कुठल्याही क्रमानं.

ग्रंथपालांनी वरचं कार्ड पाहिलं, त्यावर संदर्भसूची होती. दुसरं पाहिलं, त्यावर तिसऱ्या मुद्द्याचा उत्तरार्ध. त्यांनी लोकांकडे पाहिलं. पूर्ण दोन मिनिटं ते नुसते उभे होते. अखेर त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, “मला नक्की माहीत नाही.”

मग पहिल्या बाकावरच्या औषधवाल्यांनी भरल्या गळ्यानं “काय साधेपणा!” असं म्हणून टाळी वाजवली आणि सगळा वर्ग टाळ्यांनी भरून गेला. एवढं मोठं वाक्य आजवर कुणीच आपल्याला ऐकवलं नव्हतं, असं लोकांचं मत पडलं. दोघांनी तिथल्या तिथे सभासद होण्याचे फॉर्म भरले. एकानं ग्रंथपालांचं छायाचित्र मागितलं, भिंतीवर लावायला. पाटीवर संस्थेच्या नावाखाली हेच वाक्य लिहायचं, असं मास्तरांनी उभ्या उभ्या ठरवलं आणि पाटीचं काम उरकायला ते घाईनं निघूनही गेले. शिंपीणबाईंची पेन्सिल दोनदा चालली.

गर्दी पांगत असताना एक उंच बाई पुढे आल्या. हातात छत्री, पायात नर्सच्या पांढऱ्या चपला. ड्यूटीवरून थेट आलेल्या दिसत होत्या. “माझा मुलगा गेलाय अशा एका ठिकाणी. वर्ष झालं. मी त्याला काय लिहू?”

आणि इथे एक नवल घडलं. कार्डांकडे न बघता ग्रंथपाल बोलू लागले. कारण एकेचाळीस पुस्तकांत ज्याबद्दल दुमत नव्हतं अशी ही एकच गोष्ट होती. “वाद घालू नका. तो चुकलाय हे पटवायला जाऊ नका. घरचं बारीकसारीक लिहा. त्याची खोली तशीच आहे, नळ अजून गळतो, असलं. उत्तर येवो न येवो, लिहीत राहा. दार उघडं आहे एवढं त्याला कळलं पाहिजे. परत फिरणारा माणूस आधी तेच बघतो. दार आहे का.”

नर्सबाईंनी ते मन लावून ऐकलं. मग त्यांनी साधंच विचारलं, “तुमचं कुणी आहे का तिथे? तुम्ही काय लिहिलंत?”

ग्रंथपाल गप्प झाले. त्यांच्या या मौनाचाही मागे उभ्या असलेल्या दोन नव्या सभासदांनी खोल अर्थ लावला. पण पत्नी शेजारीच उभी होती, आणि तिला त्या मौनाचा अर्थ चार वर्षांपासून पाठ होता. तिनं फक्त त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

वाटेनं ग्रंथपाल तीनदा थांबले. तिन्हीदा त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, तिन्हीदा ते “काही नाही” म्हणाले. जिना चढून दारापाशी आले, खिशातून किल्ली काढली, सवयीनं गुडघा रेटला, हात वर उचलला, आणि किल्ली आत जाईना.

दारावर नवी पाटी होती. ‘डोळस मंडळ. मला नक्की माहीत नाही.’ पाटीखाली जुन्या पितळी कुलपाच्या जागी काळं, चकचकीत, पोलादी कुलूप बसलं होतं.

“हे काय?” पत्नी म्हणाली.

हे काय ते सांगायला मास्तर दोन दोन पायऱ्या ओलांडत वर आले, मागून औषधवाले आणि शिंपीणबाई. “विचारा!” मास्तर कडाडले.

“विचारतेच,” पत्नी म्हणाली. “माझ्या घराचं कुलूप कुणी बदललं?”

“सोमवारी तपासणी नाही का वहिनी! तुम्ही सकाळी शेजारी किल्ली ठेवता, तीच वापरली. पाच किल्ल्या आल्यात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार...” मास्तरांनी बोटं मोजली. “पाच पदाधिकारी, पाच किल्ल्या.”

“आणि आम्ही?”

“संस्थापकांना किल्ली कशाला? कुणी ना कुणी आत असणारच की आता. चोवीस तास.”

आजवर ग्रंथपाल कुणावर ओरडले नव्हते. ग्रंथालयात ओरडायचं नाही, अशी पाटी त्यांच्या डोक्यावर तीस वर्षं होती. तेव्हाही ते ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, जुनं कुलूप कुठे आहे?”

“ते दिलं कुलूपवाल्याला. मोडीत घेतलं त्यानं. अहो, निकामी होतं ते! किल्ली असून मलाच उघडेना, कुलूपवाल्यानं उघडलं.”

“मी राजीनामा देतो.”

“संस्थापकांना राजीनामा देता येत नाही,” मास्तर म्हणाले. “घटनेत तरतूद नाही. घटना तुमचीच.”

“आणि तुम्ही गेलात तर लोक काय म्हणतील?” औषधवाले कळवळून म्हणाले. “ते भरकटले म्हणून सांगावं लागेल आम्हाला सगळ्यांना!”

शिंपीणबाईंनी पर्समधून कार्ड काढलं. जिन्याच्या दिव्याखाली धरलं आणि पेन्सिलीचं टोक टेकवत मोठ्यानं मोजलं. “एकाचा शब्द अखेरचा, झालं. अभिवादन, झालं. पोशाख, तो माझ्याच हातून झाला मेला. प्रश्न शेवटी. नेत्याचं चित्र भिंतीवर. त्याचं वाक्य दारावर. सोडू न देणं, हे आत्ताच. सोडणाऱ्याची बदनामी, हे त्याच्यामागोमाग. आणि माणसाला त्याच्या घराबाहेर काढणं.” त्यांनी वर पाहिलं. “मास्तर, अकरापैकी नऊ झाली. आणि आपल्याला तीन आठवडेच झालेत हो.”

मास्तरांनी आपल्या मोरपंखी जाकिटाकडे खाली पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी त्यांच्या अंगात घातलं होतं.

“पण आपण तर चांगल्यासाठी...” ते म्हणाले.

“सगळेच,” ग्रंथपाल म्हणाले. “एकेचाळीस पुस्तकांत हेच आहे. कुणीही वाईटासाठी सुरू करत नाही.” मग घसा खाकरून म्हणाले, “मास्तर, कुलूपवाला दुकान किती वाजता बंद करतो?”

“आठला.”

साडेसात झाले होते. सत्तरीतला ग्रंथपाल आणि पासष्टीतला कवायतमास्तर रस्त्यानं पळताना त्या गल्लीनं प्रथमच पाहिले. मास्तर सवयीनं “एक दोन, एक दोन” म्हणत होते, आणि ग्रंथपालांना आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

कुलूपवाल्यानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्याच होत्या. पितळी कुलूप मोडीच्या डब्यात पडलं होतं. त्यानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. “हे परत बसवू? साहेब, हे कुलूप नाही, कुलपाचं सोंग आहे. हेअरपिननं उघडेल.”

“तेच हवंय.”

“निदान तेल घालून, साफ करून देतो. सरळ फिरेल मग.”

“नको!” ग्रंथपाल इतक्या जोरात म्हणाले की ते स्वतःच दचकले. “तेल नको. जसं अडत होतं तसंच अडलं पाहिजे.”

कुलूपवाल्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळ्यांनीच, ‘माझ्यावर सोडा, मोठा माणूस आहे’ असं काहीतरी खुणावलं. जुन्या सवयी तीन आठवड्यांच्या असल्या तरी लगेच जात नाहीत.

त्याच संध्याकाळी कुलूप जागेवर बसलं. गुडघा, उचल, किल्ली. दार उघडलं. दिवाणखान्यात जाऊन ग्रंथपालांनी चौदा मसुदे बाहेर काढले आणि एकावर एक नीट लावून बाजूला ठेवले. मग एक कोरं कार्ड घेतलं. पाच ओळींची जागा. त्यांनी एकच ओळ लिहिली, खाली ‘दादा’ म्हणून सही केली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

सोमवारी कारकून तपासणीला आला. कपाट पाहिलं, पाटी उतरवल्याची भोकं पाहिली, कुलपात बोट घालून पाहिलं आणि अर्जावर लिहिलं: कुलूप असुरक्षित, अर्ज नामंजूर. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुःख आणि सुटका अशी दोन्ही दिसली.

“मग आता तुमचं हे बंद?” कारकुनानं विचारलं.

“नोंदणी बंद,” शिंपीणबाई म्हणाल्या. “माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांना मी कार्ड देणार आहे. जाकीट नाही, आरोळ्या नाहीत. ज्याला विचारायचं तो मधेच विचारेल.”

कारकून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, “त्या अकरा लक्षणांचं... एखादं कार्ड जास्तीचं असेल का? माझा मेहुणा आहे. दोन महिने झाले, घरचा फोन उचलत नाही.”

ग्रंथपालांनी त्याला आत बसवलं. चहा झाला. अकरा लक्षणांच्या कार्डाबरोबर त्यांनी दुसरं एक कोरं कार्डही त्याला दिलं. “हे मेहुण्याला लिहायला. फार लिहू नका,” ते म्हणाले. “मी लिहीत बसलो, त्यात चार वर्षं गेली.”

दुपारी ते आणि पत्नी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. लिफाफा पेटीच्या तोंडाशी धरून ग्रंथपाल थांबले.

“काय झालं?”

“तिला आता ते कुलूप आठवत असेल का? आणि तुला काय वाटतं, ‘आहे’च्या पुढे ‘ये’ असं लिहायला हवं होतं का? की त्यानं दडपण येईल? तिसऱ्या प्रकरणात म्हटलंय...”

“बघू,” पत्नी म्हणाली. त्यांच्या हातातून तिनं लिफाफा घेतला, त्यातलं कार्ड काढून वाचलं. ‘कुलूप तेच आहे. अजून गुडघा लावावा लागतो.’ तिनं कार्ड परत आत सरकवलं, कड जिभेनं ओली करून लिफाफा चिकटवला आणि त्यांच्या हातात दिला.

“सोडा,” ती म्हणाली.

त्यांनी सोडलं.